दोन मेनू एकाच वेळी उघडे: अडवलेल्या क्लिकचं एक प्रकरण

स्क्रीन तशी साधी होती. ऑर्डरींची यादी. प्रत्येक ओळीत डावीकडे चेकबॉक्स, मग ऑर्डर क्रमांक, त्याला लागून क्रमांक कॉपी करायचं छोटं चिन्ह, मधे जिथल्या तिथे टाइप करता येणारा टिपणाचा रकाना आणि उजव्या टोकाला तीन ठिपक्यांचं बटण. ओळीवर कुठेही क्लिक केलं की त्या ऑर्डरचा तपशील उघडायचा. ठिपक्यांवर क्लिक केलं की मेनू यायचा: बदला, प्रत काढा, रद्द करा. मेनूबाहेर क्लिक केलं की तो मिटायचा. कामकाजाच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये अशी एखादी यादी सापडतेच, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

ॲप रिॲक्टच्या (वेबपानं बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या) १६व्या आवृत्तीवर होतं. ते १७वर नेलं, टेस्ट हिरव्या आल्या, रिलीज झाली. त्यानंतर तक्रार आली ती अशी: एका ओळीचा मेनू उघडा असताना दुसऱ्या ओळीचे ठिपके दाबले, तर पहिला मेनू मिटत नाही. दोन्ही उघडे राहतात आणि ओळी जवळजवळ असल्या तर एकमेकांवर येतात. एका वापरकर्त्याने असाच वरचा मेनू आपल्या ओळीचा समजून ‘रद्द करा’ दाबलं आणि भलतीच ऑर्डर रद्द झाली. दिसण्यातली बारीकशी खोट म्हणून आलेली गोष्ट त्या दिवशी गंभीर ठरली.

पहिला संशय अर्थातच मेनूच्या कंपोनंटवर, म्हणजे मेनू दाखवणाऱ्या कोडच्या तुकड्यावर, गेला. पण मेनू कधी मिटतो आणि कधी नाही, याची नीट नोंद केल्यावर वेगळंच चित्र दिसलं. पानाच्या मोकळ्या जागेत क्लिक केलं तर मेनू मिटत होता. दुसऱ्या ओळीच्या मजकुरावर क्लिक केलं तरी मिटत होता. चेकबॉक्स, कॉपीचं चिन्ह, तीन ठिपके आणि टिपणाचा रकाना या चार ठिकाणी मात्र तो ढिम्म राहायचा. हे वाचताना अनेकांना उत्तर सुचलंही असेल. ओळीच्या क्लिकपासून स्वतःला वाचवण्याची गरज असलेली ठिकाणं नेमकी हीच चार.

क्लिक कुठून कुठे जातो

क्लिक किंवा की दाबणं अशी घटना म्हणजे इव्हेंट, आणि पानावरचा प्रत्येक घटक म्हणजे एलिमेंट. क्लिक झालेलं एलिमेंट हा इव्हेंटच्या प्रवासातला मधला मुक्काम असतो. ब्राउझर आधी त्या एलिमेंटपासून वर डॉक्युमेंट (अख्खं पान) आणि त्याच्याही वरच्या विंडोपर्यंतची सगळी वाट आखून घेतो. मग इव्हेंट विंडोपासून खाली उतरतो, हा कॅप्चर टप्पा. टार्गेटवर, म्हणजे क्लिक झालेल्या एलिमेंटवर, पोचतो. तिथून पुन्हा पायरी पायरीने वर चढतो, हा बबल टप्पा. इव्हेंट आला की चालणारं फंक्शन म्हणजे लिसनर किंवा हँडलर. साध्या पद्धतीने जोडलेले लिसनर चढतीच्या वाटेवर चालतात. उतरतीच्या वाटेवर ऐकायचं असेल तर लिसनर जोडताना तसं सांगावं लागतं.

या दोन वाटा आल्या त्या ब्राउझरांच्या जुन्या भांडणातून. १९९७च्या सुमारास नेटस्केप ४मध्ये इव्हेंट वरून खाली यायचा, तर इंटरनेट एक्सप्लोरर ४मध्ये खालून वर जायचा. नोव्हेंबर २०००मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने डॉम (पानातल्या एलिमेंटांचं झाड) लेव्हल २ इव्हेंट्सचं प्रमाण काढलं तेव्हा कुणालाच नाकारलं नाही, दोन्ही दिशा एकामागोमाग जोडून दिल्या. त्यामुळे आज आपल्याला ऐकण्याची जागा निवडता येते. या प्रकरणाचा उलगडा याच निवडीत आहे.

इव्हेंटवर बोलवायचं स्टॉपप्रोपगेशन हे फंक्शन हा प्रवास पुढच्या मुक्कामापासून तोडतं. त्याच एलिमेंटवरचे बाकीचे लिसनर तरीही चालतात. तेही थांबवायचे तर स्टॉपइमिजिएटप्रोपगेशन लागतं. ब्राउझरची मूळ कृती, म्हणजे चेकबॉक्सला खूण होणं किंवा लिंक उघडणं, या दोन्हींपैकी कशानेच अडत नाही. ते काम प्रिव्हेंटडीफॉल्टचं. या तिघांची गल्लत सर्रास होते. जेक्वेरी या जुन्या लायब्ररीच्या हँडलरमधून ‘रिटर्न फॉल्स’ केलं की प्रवासही थांबतो आणि मूळ कृतीही, त्यामुळे ती सवय घेऊन आलेल्या प्रोग्रामरच्या मनात या दोन वेगळ्या गोष्टी एकच होऊन बसतात.

माग कसा काढला

संशय होता, पण एवढ्या मोठ्या कोडमध्ये इव्हेंट नेमका कोण अडवतोय हे नुसतं शोधून कळत नाही. स्वतःचा कोड शोधता येतो, आत घेतलेल्या लायब्रऱ्यांचं काय? तेव्हा एक साधी युक्ती केली. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये इव्हेंटच्या प्रोटोटाइपवरचं, म्हणजे सगळ्या इव्हेंटच्या सामाईक साच्यावरचं, स्टॉपप्रोपगेशन बाजूला काढून ठेवलं आणि त्या जागी स्वतःचं फंक्शन बसवलं. ते आधी इव्हेंटचा प्रकार आणि टार्गेट छापतं, मग कन्सोल ट्रेस, म्हणजे कुठल्या कोडने बोलावलं याची साखळी, काढतं आणि शेवटी मूळ फंक्शन बोलावतं. पानाचं वागणं तसंच राहतं, पण जो कोणी इव्हेंट अडवेल त्याचा माग फाइल आणि ओळ क्रमांकासकट समोर येतो. रिॲक्टच्या इव्हेंटवर स्टॉपप्रोपगेशन बोलावलं तरी आतून ब्राउझरचंच फंक्शन बोलावलं जातं, त्यामुळे तेही या जाळ्यात येतात.

चेकबॉक्स दाबला: ट्रेस आला, चेकबॉक्सच्या सेलचा. कॉपीचं चिन्ह दाबलं: त्याचा आला. ठिपके: त्यांचा. टिपणाच्या रकान्यात क्लिक केलं तेव्हा एक ट्रेस आला आणि टाइप करायला लागल्यावर प्रत्येक अक्षरागणिक आणखी एक. तिथे क्लिकबरोबर कीडाउन, म्हणजे की दाबल्याचा इव्हेंटही, अडवलेला होता. त्यामागचं कारण समजण्यासारखं होतं. ओळीवर फोकस असताना एंटर दाबला की तपशील उघडायची सोय होती आणि टिपण लिहून एंटर दाबणाऱ्याला तपशील उघडायला नको होता.

प्रत्येक जागी एकच विचार दिसतो: माझ्यावरचा क्लिक ओळीला कळू नये. हा विचार चुकीचा नाही. पण कोडमध्ये लिहिलेली स्टॉपप्रोपगेशनची ओळ त्याहून कितीतरी जास्त बोलते. ती म्हणते, माझ्यावरचा क्लिक माझ्या वरच्या कोणालाच कळू नये. ओळीला, टेबलला, पानाला, मेनू मिटवणाऱ्याला, मोजदाद ठेवणाऱ्याला आणि उद्या लिहिल्या जाणाऱ्या कोडलाही.

मग आधी हे चालत कसं होतं?

हा प्रश्न बैठकीत सगळ्यांनाच पडला. चारही ठिकाणचा कोड जुना होता, मेनूचा कोडही जुना, आणि १६व्या आवृत्तीवर हे सगळं बिनबोभाट चाललं होतं.

रिॲक्ट प्रत्येक बटणावर वेगळा लिसनर लावत नाही. तो एकाच उंच जागी बसून ऐकतो आणि तिथून आपल्या कंपोनंटच्या झाडात तो प्रवास स्वतः पुन्हा घडवतो. १६व्या आवृत्तीपर्यंत ही जागा होती डॉक्युमेंट. म्हणजे चेकबॉक्सवरचा खरा इव्हेंट निर्वेधपणे डॉक्युमेंटपर्यंत चढायचा, तिथे रिॲक्ट जागा व्हायचा, चेकबॉक्सचा हँडलर बोलावायचा आणि त्या हँडलरमध्ये आपलं स्टॉपप्रोपगेशन चालायचं. तोवर इव्हेंट डॉक्युमेंटला पोचलेलाच असायचा. मेनू मिटवणारा आपला लिसनरही डॉक्युमेंटवरच होता. आणि त्याच एलिमेंटवरचे लिसनर स्टॉपप्रोपगेशनने थांबत नाहीत, हे वर आलंच आहे. म्हणून मेनू मिटायचा. रिॲक्टच्या झाडात ओळीपर्यंत क्लिक जायचा नाही, हेही साधायचं.

ऑक्टोबर २०२०मध्ये आलेल्या १७व्या आवृत्तीने ही जागा खाली आणली. आता रिॲक्ट ऐकतो तो ज्या मूळ एलिमेंटात ॲप बसवलेलं असतं तिथे. कारण रास्त होतं. एकाच पानावर रिॲक्टच्या दोन आवृत्त्या एकीच्या पोटात दुसरी अशा नांदायच्या तर दोघींनी डॉक्युमेंटवरच बसून चालत नाही. आतल्या झाडाने अडवलेला इव्हेंट बाहेरच्याला तरीही ऐकू येतो. पण जागा खाली आल्यावर चेकबॉक्सचं स्टॉपप्रोपगेशन खऱ्या अर्थाने लागू झालं. इव्हेंट मूळ एलिमेंटाशीच थांबला, डॉक्युमेंटपर्यंत चढलाच नाही आणि मेनूला बाहेरच्या क्लिकची खबर लागली नाही.

म्हणजे स्टॉपप्रोपगेशन आता त्याच्या नावाप्रमाणे वागायला लागलं होतं. दोष तेव्हाही कोडमध्येच होता, फक्त झाकलेला होता. रिॲक्टच्या टीमने या बदलाची सूचना रिलीजच्या लेखातच दिली होती, उपायही सांगितला होता: डॉक्युमेंटवरचा लिसनर कॅप्चर टप्प्यात न्या.

ज्यांची तक्रार कोणी केलीच नाही

मेनूचं कोडं सुटल्यावर मी डॉक्युमेंटवर आणखी कोण कोण कान लावून बसलंय ते पाहिलं. क्रोमच्या कन्सोलमध्ये ‘गेटइव्हेंटलिसनर्स’ला डॉक्युमेंट दिलं की सगळी यादी मिळते. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे.

एक लिसनर वापराची मोजदाद ठेवणारा होता. कुठलं बटण किती वेळा दाबलं जातं याचे आकडे त्यावरून यायचे. रिलीजनंतर कॉपीच्या चिन्हाचा वापर शून्यावर आला होता. कोणी वापरत नाही म्हणून ते चिन्ह काढून टाकायचा प्रस्ताव पुढच्या बैठकीच्या यादीत चढलाही होता.

दुसरा लिसनर सत्र संपवणाऱ्या टायमरचा. बराच वेळ क्लिक किंवा की दाबणं कानावर आलं नाही की तो ‘तुम्ही आहात का?’ असं विचारतो आणि उत्तर नाही आलं तर लॉगआउट करतो. आता टिपणाच्या रकान्यात मन लावून लांबलचक टिपण लिहिणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. तो सलग टाइप करतोय, प्रत्येक अक्षराचा कीडाउन रकान्यातच अडतोय आणि टायमरच्या लेखी माणूस जागेवरून उठून गेलाय. लिहिता लिहिता लॉगआउट झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या, पण त्या ‘नेटवर्कचा प्रश्न’ या शीर्षकाखाली पडून होत्या. मेनूशी त्यांचा संबंध असेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

स्टॉपप्रोपगेशनचे दोष शोधायला इतके जड जातात ते याचमुळे. चूक करणारा कोड एका फाइलमध्ये, लक्षण दुसऱ्या फाइलमध्ये, आणि दोघांमध्ये ना इम्पोर्ट, ना फंक्शन कॉल, ना एररचा मेसेज. काहीतरी घडलं नाही, एवढाच पुरावा. आणि न घडलेली गोष्ट लॉगमध्ये सापडत नाही.

तातडीचा उपाय आणि त्यातून निघालेली गोष्ट

चुकीच्या ऑर्डरी रद्द होत असताना सुबक रचनेची वाट बघता येत नाही. त्यामुळे मेनूचा लिसनर त्याच दिवशी कॅप्चर टप्प्यात हलवला. उतरतीच्या वाटेवर डॉक्युमेंट आधी लागतं, चेकबॉक्स शेवटी; खाली कोणी अडवलं तरी वरच्याचं ऐकून झालेलं असतं. दोन मेनू एकदम उघडे राहणं बंद झालं.

पण लगेच नवीन गंमत दिसली: उघडा मेनू त्याच्याच ठिपक्यांनी मिटेना. ठिपके दाबले की मेनू क्षणभर लुकलुकायचा आणि पुन्हा उघडाच. क्रम बघितल्यावर कळलं. मेनूची यादी रिॲक्टच्या पोर्टल या सोयीने ओळीबाहेर, थेट पानाच्या बॉडीखाली काढलेली होती, म्हणून डॉमच्या हिशेबाने ठिपक्यांचं बटण मेनूच्या बाहेर. क्लिक उतरताना डॉक्युमेंटवरच्या लिसनरने तो ‘बाहेरचा’ मानला आणि मेनू मिटवला. मग तोच क्लिक बटणावर पोचला. बटणाला दिसलं की मेनू मिटलेला आहे, त्याने तो उघडला.

यावर सेटटाइमआउट (काम थोडं उशिरा करवणारं फंक्शन) घालून वेळ मारून नेण्याचा मोह होतो आणि रिव्ह्यूमध्ये तशी एक सूचना आलीही. ती घेतली नाही, कारण प्रश्न वेळेचा नव्हताच. आत काय आणि बाहेर काय याची व्याख्या चुकलेली होती. ज्या बटणाने मेनू उघडतो ते बटण मेनूचंच अंग आहे, मग डॉममध्ये ते कुठेही असो. ‘आत’ म्हणजे यादी किंवा तिचं बटण असं ठरवल्यावर प्रश्न मिटला. या व्याख्येने पुढचा एक बगही आधीच रोखला. लिसनर बबल टप्प्यात ठेवला असता आणि बटणावरचं अडवणं काढलं असतं, तर मेनू उघडतानाच डॉक्युमेंटवर जोडलेला लिसनर त्याच क्लिकच्या चढतीत चालला असता आणि मेनू उघडल्या क्षणी मिटला असता. इव्हेंट ज्या एलिमेंटवर सध्या आहे तिथे नव्याने जोडलेला लिसनर त्या खेपेला चालत नाही, पण वाटेतल्या पुढच्या एलिमेंटवर जोडलेला चालतो. १६व्या आवृत्तीत रिॲक्ट आणि हा लिसनर दोघेही डॉक्युमेंटवर असल्याने हे कधी दिसलं नसतं.

आणखी एक खाच. ‘आत की बाहेर’ हे तपासायला कंटेन्स वापरलेलं होतं: यादीच्या पोटात टार्गेट आहे का? पण मेनूमध्ये ‘प्रत काढा’ दाबल्यावर तो पर्याय नाहीसा होऊन त्या जागी ‘काढत आहे’ असं येई. तपासणीची पाळी येईतो टार्गेट डॉममधून उखडलेलं असू शकतं आणि उखडलेलं एलिमेंट कोणाच्याच पोटात नसतं. उत्तर येतं ‘बाहेर’. कंपोज्डपाथ (इव्हेंटच्या वाटेवरच्या एलिमेंटांची यादी) वापरलं की ही भानगड राहत नाही, कारण ती वाट इव्हेंट निघतानाच आखलेली असते; वाटेवरचं एलिमेंट नंतर डॉममधून गेलं तरी यादीत राहतं. कॅप्चरमध्ये तपासणी आधीच होत असल्याने आमच्याकडे ही अडचण आपोआप टळली होती, तरी कोड कंपोज्डपाथवरच नेला. लिसनर कधीकाळी पुन्हा बबल टप्प्यात गेलाच तर ती पुन्हा उपटू नये असं वाटलं.

ओळीनेच ठरवावं

आता मुळाशी जाऊ. चारही ठिकाणचं स्टॉपप्रोपगेशन काढायचं ठरलं. मग चेकबॉक्सवरच्या क्लिकने तपशील उघडू नये, हे कोण सांभाळणार?

माझं मत असं की तो प्रश्न मुळातच ओळीचा आहे. ‘या क्लिकवर मी तपशील उघडू का?’ हे ओळीने स्वतःला विचारायला हवं. चेकबॉक्सने तिच्या वतीने उत्तर देणं म्हणजे आपल्याला ठाऊक नसलेल्या कोडच्या वतीने निर्णय घेणं. चेकबॉक्स ओळीत बसलाय, उद्या तो एखाद्या फॉर्ममध्येही बसेल. आपल्या वर कोण आहे हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही. ओळीला मात्र आपण क्लिक होतो हे पक्कं माहीत आहे.

म्हणून ओळीच्या हँडलरच्या सुरुवातीला तपासणी घातली. टार्गेटपासून क्लोजेस्टने वर जात बटण, लिंक, इनपुट, टेक्स्टएरिया, सिलेक्ट किंवा लेबल सापडतं का, आणि सापडलेलं ओळीच्या आतच आहे का? असेल तर हा क्लिक त्या नियंत्रणाचा, ओळीने काही करायचं नाही. हाच नियम एका जागी लिहिला गेला आणि ओळीत नवं बटण आलं तर कोणालाही काही आठवून लिहायची गरज उरली नाही.

एवढ्याने भागलं नाही, पोर्टल आडवं आलं. रिॲक्टमध्ये पोर्टलमधला इव्हेंट डॉमच्या वाटेने न चढता कंपोनंटच्या झाडाच्या वाटेने चढतो. मेनूची यादी डॉममध्ये बॉडीखाली असली तरी कंपोनंटच्या हिशेबाने ती ओळीची लेक. त्यामुळे मेनूच्या कडेच्या रिकाम्या पट्टीवर, जिथे कुठलंच बटण नाही तिथे, क्लिक केलं की तो ओळीपर्यंत पोचायचा आणि तपशील उघडायचा. आधी ठिपक्यांच्या भोवतालचं स्टॉपप्रोपगेशन हेही झाकत होतं. ओळीच्या तपासणीत एक अट वाढवली: टार्गेट खरोखर माझ्या डॉमच्या पोटात आहे का? नसेल तर तो क्लिक माझा नाही.

जाता जाता एक जुनी कुरबुरही निकालात निघाली. ओळीतला मजकूर कॉपी करण्यासाठी माउसने ओढून निवडला की तपशील उघडायचा. माउस दाबला एका सेलमध्ये आणि सोडला दुसऱ्यात, तर क्लिक जातो दोघांच्या सामाईक पूर्वजाकडे, म्हणजे ओळीकडेच. निवडलेला मजकूर रिकामा नसेल तर तपशील उघडू नये, ही अटही आता त्याच फंक्शनमध्ये आहे. निर्णय ओळीकडे आल्यामुळेच तो असा सुधारता आला.

टिपणाच्या रकान्यातल्या एंटरसाठी वेगळा मार्ग घेतला. रकाना टिपण जतन करतो आणि प्रिव्हेंटडीफॉल्ट बोलावतो. ओळीचा कीडाउन हँडलर डिफॉल्टप्रिव्हेंटेड (मूळ कृती कोणी अडवली का) बघतो आणि ते खरं असेल तर गप्प बसतो. इव्हेंट पुढे जातो, टायमरला कळतो, फक्त ‘हे काम झालेलं आहे’ अशी खूण बाळगून जातो. ही खूण क्लिकसाठी सरसकट वापरता येत नाही, हे मात्र लक्षात घ्यावं. चेकबॉक्सच्या क्लिकवर प्रिव्हेंटडीफॉल्ट केलं तर खूणच होणार नाही.

मूळ कृती न अडवता ‘हाताळलं’ एवढंच सांगणारी खूण वेबवर उपजत नाही, ही उणीव मला खरोखर जाणवते. मायक्रोसॉफ्टच्या २००६च्या डब्ल्यूपीएफ या विंडोजची ॲप बांधायच्या चौकटीत ती आहे. तिथे इव्हेंटवर ‘हँडल्ड’ खरं केलं की नेहमीचे हँडलर पुढे बोलावले जात नाहीत, पण इव्हेंट वाटेवर चालत राहतो आणि ज्याला हाताळलेले इव्हेंटही ऐकायचे आहेत तो जोडतानाच तसं सांगू शकतो. मोजदाद ठेवणाऱ्याची सोय तिथे पहिल्यापासून केलेली आहे. वेबवर हवीच असेल तर एका वीकसेटमध्ये (जावास्क्रिप्टच्या एका प्रकारच्या संचात) हाताळलेले मूळ इव्हेंट नोंदवत जाता येतं. आम्हाला तेवढी गरज पडली नाही.

टायमर आणि मोजदाद हे दोन्ही लिसनर विंडोवर, कॅप्चर टप्प्यात हलवले. ज्याला फक्त बघायचं आहे, काही बदलायचं नाही, त्याची जागा तीच. वाटेत सगळ्यात आधी विंडो लागते, त्यामुळे खालच्या कोणाच्या वागण्यावर तो अवलंबून राहत नाही. कॉपीच्या चिन्हाचे आकडे परत दिसायला लागले आणि ते काढायचा प्रस्ताव मागे घेतला गेला.

जिथे अडवणं ठेवलं

सगळीच स्टॉपप्रोपगेशन काढली नाहीत. टेबलचं शीर्षक बाहेरून आणलेल्या लायब्ररीचं आहे. शीर्षकावर क्लिक केलं की ती त्या रकान्याने क्रम लावते. रकान्याची रुंदी ओढून बदलायची मूठ आम्ही त्याच शीर्षकात बसवलेली आहे. मूठ ओढून सोडली की शीर्षकाला क्लिक जातो आणि यादीचा क्रम बदलतो. लायब्ररीच्या हँडलरमध्ये ‘हा क्लिक माझा का’ अशी अट घालायची वाटच नाही. तिथे क्लिक अडवणं हाच प्रामाणिक उपाय. फक्त क्लिक अडवलाय, पॉइंटरडाउन (माउस दाबल्याचा इव्हेंट) नाही; ते वेगळे इव्हेंट आहेत आणि एकाला अडवल्याने दुसरा अडत नाही. शेजारी कारण लिहिलेली कॉमेंट आहे आणि लायब्ररीत तशी सोय आली की कोडची ती ओळ काढावी असंही त्यात म्हटलं आहे.

टेस्ट का हिरव्या राहिल्या, याचं उत्तर थोडक्यात: मेनूच्या टेस्टमध्ये मेनू एकटाच होता. त्याच्याबाहेर होतं ते रिकामं पान, आणि रिकामं पान काहीच अडवत नाही. नव्या टेस्टमध्ये पूर्ण यादी उभी केली जाते, एका ओळीचा मेनू उघडला जातो आणि दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येक नियंत्रणावर पाळीपाळीने क्लिक करून पहिला मेनू मिटला का ते बघितलं जातं. दुसरी टेस्ट टिपणाच्या रकान्यात टाइप करते आणि टायमर पुन्हा शून्यापासून सुरू झाला का ते तपासते.

ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाच्या नियमांत स्टॉपप्रोपगेशन हे नाव बंदीच्या यादीत टाकलं आहे. वापरायचंच असेल तर कोडच्या त्या ओळीपुरता नियम बंद करावा लागतो आणि तो का बंद केला हे लिहावं लागतं. बंदी टाकल्यावर बाकीच्या स्क्रीनवरच्या जागा एकदम वर आल्या. बहुतेक ठिकाणी कारण तेच, क्लिक होणाऱ्या कार्डात किंवा ओळीत बसवलेलं बटण. तिथे ओळीचंच तपासणी फंक्शन वापरलं. काही ठिकाणी तर वर ऐकणारं कोणीच नव्हतं, कोणीतरी सवयीने लिहिलेलं. नव्या स्क्रीनवरचे मेनू आता ब्राउझरच्या पॉपओव्हर सोयीवर करतोय. २०२४पासून ती सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे, आणि बाहेर दाबल्यावर मिटणं, एस्केपने मिटणं, दुसरा उघडताच पहिला मिटणं ही तिन्ही कामं त्यात ब्राउझर स्वतः करतो.

अहवालांची जुनी स्क्रीन अजून राहिली आहे. ती जेक्वेरीवर आहे आणि तिथे इव्हेंट अडवला जातो तो ‘रिटर्न फॉल्स’ने, म्हणून नावावरची बंदी तिथे काही पकडत नाही. प्रोटोटाइपची युक्ती मात्र तिथेही चालते, कारण जेक्वेरीही आतून ब्राउझरच्याच फंक्शनला बोलावते. तिचे ट्रेस काढून झाले आहेत. प्रत्येक ‘रिटर्न फॉल्स’मागे मूळ कृती अडवायची होती की प्रवास, हे एकेक वाचून ठरवायचं काम चालू आहे.